टोकावरचा ठिपका

रात्रपाळी माझी, बर्फाच्या कारखान्यात,
देवगड बंदराच्या चढावर.
कॉम्प्रेसर घरघरतो, अमोनिया नाकात मुरलेला,
आणि दारावरच्या ट्यूबलाइटला
येईल तो येतो.

परवा पहाटे लाद्या मोजताना
ओल्या फरशीवर हा पडलेला.
हिरव्यात हिरवं, मध्येच गुलाबीसर पट्टा,
ताज्या बांगड्याच्या पोटावर उजेड फिरावा तसा.
पण रात्रभर भिंतीवर आपटून
खवले बरेचसे गेलेले,
उजव्या पंखाचं टोक तुटलेलं.
डाव्याचंही.

नेमकं तिथंच तर बघायचं असतं.
माझ्या वहीत आहे, तांबड्या शाईत:
पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका
असेल तर तो दुसरा,
नसेल तर कण्हेरीवरचा.
आता टोकच नाही,
तर ठिपका नाही
असं कुठल्या तोंडाने लिहू?

तारीबाई टोपली घेऊन बर्फाला आल्या.
पेढ्यांच्या खोक्यात त्याला बघून म्हणाल्या,
"ह्येचा ल्हानपण बघ कसा होता ता.
मोठेपणी सगळेच झडतत."
आणि जाता जाता,
"माझी तगर कोण खाता, ता पण बघूक ये."

गेलो.
सारवलेल्या खळ्यात, तगरीखाली,
काळ्या मिऱ्यांएवढ्या लेंड्या.
त्यांच्या रेघेत मान वर करत गेलो
आणि बघत असूनही दिसेना,
मग एक पान जरा जाड वाटलं.

अंगठ्याएवढी अळी. पानाचाच रंग.
कुशीला पांढरी रेघ,
रेघेच्या कडेने बारीक पांढरे कण, मीठ सांडल्यासारखे.
मागे एक पिवळं, बोथट शिंग.
काडी लावली तर डोकं आत ओढून घेतलं
आणि मानेच्या फुगवट्यावर
उघडले दोन निळे डोळे, काळ्या कडेचे,
जे डोळे नव्हेतच.

हे दुसऱ्याच्या अळीला नसतात.
एवढं मला ठाऊक होतं.

ओट्यावर बसून तारीबाई
बोंबील निवडत होत्या. कुणी विचारलं नव्हतं.
म्हणाल्या, त्यांचा घोव
मिठबावच्या पुळणीला लागला, नवव्या दिवशी.
हवालदार विचारत होता, शर्ट कुठला? मिशी होती?
समुद्रानं शर्ट ठेवला नव्हता,
मिशी ठेवली नव्हती.
मग थोरली नणंद आली कुणकेश्वराहून.
चादर उचलायच्या आधीच तिनं सांगितलं:
डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला वण,
सहा वर्षांचा असताना
कालवांच्या कातळावर पडलेला, माझ्याच मागून येताना.

"आणि मी," तारीबाई म्हणाल्या,
"एकवीस वर्षां बाजूक निजलंय.
माका तो वण ठावक नाय."

बोंबील निवडून झाले.

अळी मी बरणीत आणली, वर मलमलीचं फडकं.
तिसऱ्या दिवशी ती तपकिरी पडली,
डोळे विटले. मेली असं वाटलं.
मेली नव्हती,
वाळल्या पानांत स्वतःला गुंडाळत होती.
मग नुसता कोश, लाकडी बटणासारखा गप्प,
आणि मी दर दोन तासांनी
मीटरचे आकडे लिहून त्याच्याकडे बघायचो.

सतराव्या रात्री पंख वाळत बसला होता.
शाबूत. दोन्ही टोकं.
ठिपका नाही.

वहीत लिहिलं:
तारीबाईंची तगर. कण्हेरीवरचा. नक्की.
वरची ओळ: बंदर, पेढ्यांचं खोकं.
पुढे बहुधा लिहून खोडलं.
जागा कोरी आहे.

"नाव गावला?" तारीबाईंनी विचारलं.
"एकाचं."

त्यांनी मान हलवली, टोपली पुढे केली.
"बरफ बरो घाल,
चुरो नको."